ठिणगी कुठे हरवते?

जुनी गाडी सुरू होत नाही म्हटलं की पहिला हात प्लगपान्याकडे जातो. प्लग बदलले जातात, मग पॉइंट (प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टिकल्या), मग कंडेन्सर (त्या टिकल्यांमधला जाळ रोखणारा), शेवटी कॉइल (ठिणगीचा उच्च दाब तयार करणारी). एखादे वेळी गाडी सुरूही होते आणि दोष सापडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात नवा भाग बसवताना एखादं गंजलेलं टर्मिनल उपसून पुन्हा खोचलं गेलेलं असतं, आणि खरा दोष त्या टर्मिनलमध्येच असतो. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी पुन्हा तशीच बंद पडते आणि तेव्हा बदलायला काही उरलेलं नसतं.

जुन्या गाडीच्या इग्निशनमध्ये, म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीच्या यंत्रणेत, आधी सांधे जातात, भाग नंतर. सांधे म्हणजे टर्मिनल, खोचण्या, रिव्हेट, अर्थच्या पट्ट्या, स्विचच्या आतल्या पितळी पत्र्या. त्यामुळे भाग बदलत सुटण्याआधी प्रवाहाच्या वाटेवर एकेका ठिकाणी थांबून मोजणं, हाच मला या कामाचा खरा रस्ता वाटतो. त्यासाठी लागणारी हत्यारं मोजकी आहेत: मल्टिमीटर, १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक वायर आणि टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ पाहण्याचा दिवा).

मोजायचं तर वाट माहीत हवी. पॉइंट आणि कॉइलची रचना चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांसाठी घडवली, आणि पुढची साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच धावल्या. बॅटरीचा प्रवाह चावीच्या स्विचमधून कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यात शिरतो. तिथून बारीक वायरीने डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डब्यातल्या) पॉइंटकडे जातो, आणि पॉइंट मिटलेले असले तर त्यांच्यातून इंजिनच्या धातूला, म्हणजे अर्थला मिळतो. या अवस्थेत तीन-चार अँपिअर वाहतात आणि कॉइलच्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या शाफ्टवरच्या कॅमचा उंचवटा पॉइंट उघडतो, प्रवाह तटकन तुटतो आणि ते क्षेत्र कोसळतं. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप धाडकन हादरतो, तसा हा धक्का असतो. १२ व्होल्टच्या वेटोळ्यात क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात. त्याच गाभ्यावरच्या बारीक तारेच्या वेटोळ्याला साधारण शंभरपट फेरे असल्यामुळे तिथे वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो, आणि तो मधल्या जाड लीडने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये, तिथून शाफ्टबरोबर फिरणाऱ्या रोटरवाटे ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे जातो.

ठिणगी पडते ती प्रवाह तुटताना. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी कोडी आपोआप सुटतात. पॉइंट उघडतच नसतील तर ठिणगी नाही, मिटतच नसतील तरी नाही. तुटणं तटकन झालं नाही, पॉइंटमध्ये जाळ होऊन रेंगाळलं, तर ठिणगी दुबळी. आणि तुटण्याआधी क्षेत्र पुरतं भरलंच नसेल तरीही दुबळीच.

काम सुरू करण्याआधीची काळजी थोडक्यात, पण मनापासून. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बाह्या आणि ओढण्या पंख्यापासून लांब. उघडी प्लगलीड हातात धरून कोणी सेल्फ मारू नये. पॉइंटच्या गाडीत जबर झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये तो जिवावर बेतू शकतो. हृदयाचा पेसमेकर असलेल्या माणसाने चालू इग्निशनच्या जवळ वाकूच नये. कार्बोरेटरमधून पेट्रोल झिरपत असेल तर ते आधी थांबवावं, कारण आपण पुढे मुद्दाम ठिणग्या पाडणार आहोत. आणि इंजिन बंद असताना चावी विनाकारण ऑन ठेवू नये. पॉइंट नेमके मिटलेल्या जागी थांबलेले असतील तर कॉइलमधून सतत प्रवाह वाहतो आणि पाचदहा मिनिटांत ती हात लावता येणार नाही इतकी तापते.

पहिला प्रश्न: दोष इग्निशनचा आहे की पेट्रोलचा? चालती गाडी कशी बंद पडली यात उत्तराचा मोठा भाग असतो. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आचके देते, गुदमरते, पुन्हा जरा उचलते आणि मग थांबते. ठिणगी गेली तर दिवा मालवावा तसं इंजिन एका क्षणात मरतं. गाडीत टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) असेल तर तो फुकटचा साक्षीदार आहे, कारण जुन्या गाड्यांत त्याची वायर बहुधा कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून येते. गिअरमध्ये गाडी अजून घरंगळते आहे, इंजिन चाकांमुळे फिरतं आहे, आणि तरी टॅकोमीटरचा काटा शून्यावर पडला, तर कॉइलचा १२ व्होल्टकडचा मार्ग तुटला आहे. काटा इंजिनच्या वेगाबरोबर सावकाश उतरला तर तो मार्ग जिवंत आहे. दोष कॉइलच्या पुढे किंवा पेट्रोलमध्ये शोधावा.

ठिणगी आहे का हे पाहण्याची रूढ पद्धत म्हणजे प्लग काढून, लीड लावून, इंजिनला टेकवून सेल्फ मारणं. ही पद्धत फसवी आहे. मोकळ्या हवेत ०.७ मि.मी. गॅप ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात; सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तोच गॅप ओलांडायला याच्या कितीतरी पट व्होल्टेज लागतं. त्यामुळे अर्धमेली कॉइलसुद्धा बाहेर छान ठिणगी दाखवते आणि आत हार मानते. पॉइंटच्या गाडीत ठिणगीला ६ ते ७ मि.मी. मोकळं अंतर उडी मारायला लावावं. त्यासाठी गॅप बदलता येणारा स्पार्क टेस्टर मिळतो. ठिणगी निळसर-पांढरी, जाड आणि टचटच आवाज करणारी हवी. पिवळी-नारिंगी, केसासारखी बारीक ठिणगी म्हणजे कुठेतरी गळती आहे किंवा कॉइल पुरेशी भरत नाही.

आता बॅटरी. तिच्याकडे सगळे पाहतात, पण बहुतेक जण चुकीच्या वेळी पाहतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. हे आकडे स्थिर अवस्थेतले. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. कॉइलची मधली लीड काढून अर्थला जोडावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि दहाएक सेकंद सेल्फ मारत मीटर पाहावा. व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. सेल्फ दणक्यात फिरतो म्हणून इग्निशनला पुरेशी वीज मिळते असं समजू नये. सेल्फ बॅटरी ओरबाडत असतो तेव्हा कॉइलच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बॅटरीवर १२.४ व्होल्ट आहेत आणि वाटेतल्या खराब सांध्यांमुळे कॉइलला १०.६ च मिळतात, तर ठिणगीची ताकद पावाने नव्हे, त्याहूनही थोडी जास्तच घटते. सेल्फच्या वेळी हेच व्होल्टेज आठपर्यंत उतरलं तर निम्मीसुद्धा उरत नाही. थंड सकाळी सुरू न होणारी आणि ढकलल्यावर पटकन सुरू होणारी गाडी पुष्कळदा हेच सांगत असते.

अर्थचा मार्ग तर सर्वांत दुर्लक्षित. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने सुटं आहे. दोघांना जोडणारी विणलेल्या तारेची पट्टी तुटली किंवा तिच्या बोल्टखाली रंग-गंज साठला, की प्रवाह दुसरी वाट शोधतो: चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर अर्थची पट्टी गेलेली आहे असं खुशाल समजावं. मोजणी सोपी: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढे व्होल्ट वाटेत सांडताहेत. ओहम मोजून ही खराबी कळत नाही. पट्टीची एकच तार शिल्लक असली तरी ओहममीटर शून्य दाखवेल. ताण आला की मगच ती उघडी पडते. म्हणून या कामात प्रतिकारापेक्षा वाहत्या प्रवाहातली व्होल्टेजची घट मोजण्यावर माझा भर असतो.

आता टेस्ट लॅम्प. माझ्या मते साऱ्या तपासणीत याच्याइतकं नेमकं उत्तर इतक्या कमी कष्टात दुसरं काही देत नाही. लॅम्पचं एक टोक कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलला, जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरला जाते तिथे. दुसरं टोक अर्थला. चावी ऑन करून सेल्फ मारावा. लॅम्प उघडझाप करत असेल तर स्विचपासून पॉइंटपर्यंतचा मार्ग काम करतो आहे. पुढे कंडेन्सर, कॉइल, रोटर, कॅप पाहावं. लॅम्प लागला आणि लागलेलाच राहिला तर पॉइंट प्रवाह अर्थला देत नाहीत: एकतर मिटत नाहीत, नाहीतर त्यांच्या तोंडावर तेल-काजळी आहे, किंवा आतली वायर तुटली आहे. लॅम्प लागलाच नाही तर दोन शक्यता. बारीक वायर कॉइलवरून काढावी. आता लॅम्प लागला तर कॉइलपर्यंत वीज येते आहे आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत काहीतरी कायम अर्थला चिकटलं आहे. तरीही लागत नसेल तर कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर पाहावं. तिथे वीज आहे आणि निगेटिव्हवर नाही, तर कॉइलचं आतलं वेटोळं तुटलं. पॉझिटिव्हवरही नाही, तर चावी, फ्यूज, वायर किंवा बॅलास्ट (कॉइलच्या आधीचा रेझिस्टर). टॅकोमीटरची आणि नंतर बसवलेल्या चोरघंटीची वायरही याच निगेटिव्ह टर्मिनलवर असते. ती कुठे सोलून बॉडीला लागली तर पॉइंट कधी उघडतच नाहीत असा परिणाम होतो. म्हणून त्या वायरी आधी सोडवून पाहाव्यात.

बॅलास्ट रेझिस्टरबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण त्याची एक ठरलेली खूण आहे. बऱ्याच गाड्यांत कॉइल १.५ ओहमच्या आसपास असते आणि तिच्याआधी जवळपास तेवढाच एक रेझिस्टर बसवलेला असतो. कधी पांढऱ्या चिनी मातीच्या ठोकळ्यात, कधी वायरिंगमध्येच विशिष्ट वायरीच्या रूपात. इंजिन चालू असताना प्रवाह त्यातून जातो. सेल्फ मारताना मात्र तो वगळला जातो आणि बॅटरीचं उरलेलं सगळं व्होल्टेज थेट कॉइलला मिळतं. आता सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडताच मरतं, असं घडलं, तर सेल्फची वाट ठीक आहे आणि चालू स्थितीची तुटली आहे: बॅलास्ट उडाला, किंवा स्विचचा तो संपर्क झिजला. याच्या उलट, सेल्फ मारत असेपर्यंत काही नाही आणि चावी सोडता सोडता इंजिन पकडतं, तर सेल्फच्या वेळची थेट वाट बंद आहे. बॅलास्ट असलेल्या गाडीत पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या पॉझिटिव्हवर ६ ते ८ व्होल्ट दिसणं योग्यच. पॉइंट उघडे असताना तिथे पूर्ण बॅटरी व्होल्टेज दिसतं. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या वायरिंगवर संशय घेतला जातो.

चावीच्या बाजूचा निकाल लावायला चिमट्यांची वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या पॉझिटिव्हला जोडावी. गाडी सुरू झाली तर दोष स्विच-वायरीत आहे. बॅलास्टच्या कॉइलला ही थेट जोडणी दोन-चार मिनिटांपलीकडे ठेवू नये. चावी फिरवून इंजिन बंद होणार नाही; वायर काढावी लागेल. आणि चिमट्याचं सुटं टोक बॉडीला लागू देऊ नये.

आता पॉइंट. जुन्या गाडीशी आपलं खरं नातं इथे जुळतं, कारण या दोन टिकल्या मिनिटाला हजारो वेळा उघडतात आणि मिटतात. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या मागतं. म्हणजे एका ठिणगीचं पूर्ण चक्र १० मिलिसेकंदांचं, आणि त्यात कॉइल भरायला मिळतात सहा-सात. गॅप जास्त ठेवला तर पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ घटतो, कॉइल अर्धवट भरते, आणि गाडी सावकाश ठीक पण वेगात मिसिंग करू लागते. गॅप कमी ठेवला तर पॉइंट पुरेसे लांब जात नाहीत, जाळ होतो आणि सुरू करतानाच त्रास.

चार सिलिंडरच्या बहुतेक डिस्ट्रिब्युटरना ०.३५ ते ०.४० मि.मी. गॅप चालतो, आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या अगदी शिखरावर आणावी. फिलर गेजची पाती हलका अडथळा देत सरकली पाहिजे. स्क्रू आवळल्यावर गॅप हमखास हलतो, म्हणून पुन्हा मोजावं. नंतर पेट्रोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने भिजवलेला जाड, स्वच्छ कागदाचा तुकडा मिटलेल्या पॉइंटमधून ओढावा. नवे पॉइंट बसवल्यावर ठिणगी न येण्यामागे बऱ्याचदा फिलर गेजवरच्या तेलाचा पातळ थर असतो, नाहीतर पॉइंटला पॅकिंगमधूनच आलेलं संरक्षक तेल. कॅमवर खास ग्रीस अगदी थोडं, टाचेच्या मागच्या बाजूला. रोटरखालच्या नमद्यावर तेलाचे दोनच थेंब. जास्त घातलं की ते उडून टिकल्यांवरच बसतं.

जुन्या पॉइंटवर एका टिकलीवर खड्डा आणि दुसरीवर टेकाड तयार होतं. फिलर गेज त्या टेकाडाला अडतो आणि खरा गॅप त्याहून मोठा असतो. म्हणून वापरलेले पॉइंट ड्वेल मीटरने लावावेत. ड्वेल म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन. चार सिलिंडरसाठी एकूण ९० अंशांपैकी साधारण ५० ते ६०. इंजिनचा वेग वाढवताना ड्वेल तीन अंशांहून जास्त हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश झिजलं आहे, आणि मग कितीही पॉइंट बदलले तरी गाडी स्थिर चालणार नाही.

पॉइंट बसवताना इन्सुलेटिंग वॉशरचा क्रम चुकला, तर सगळा प्रवाह कायम अर्थला जातो. कंडेन्सरची वायर, कॉइलची वायर आणि पॉइंटची स्प्रिंग, या तिघी एकमेकींना लागल्या पाहिजेत आणि प्लेटला किंवा खांबाला मात्र अजिबात नाही. टेस्ट लॅम्पने ही गडबड लगेच उघड होते.

आणि डिस्ट्रिब्युटरमधला सर्वांत लपलेला दोष: पॉइंटची प्लेट स्थिर नसते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स ही इंजिनच्या ओढीवर चालणारी डबी तिला इंजिनच्या भाराप्रमाणे फिरवत असते. तिला अर्थ देणारी छोटी विणलेली वायर आणि पॉइंटला वीज आणणारी मऊ वायर, दोन्ही वर्षानुवर्षं वाकतात आणि इन्सुलेशनच्या आतल्या आत तुटतात. गाडी आयडलला, म्हणजे जागच्या मंद फेऱ्यांवर, सुरेख, अ‍ॅक्सिलरेटर दिला की एकदम मेल्यासारखी. बाहेरून वायर धडधाकट दिसते. तपासायचं असं: मीटर कॉइलच्या निगेटिव्हवर आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर लावावा, पॉइंट मिटलेले, चावी ऑन. ०.२ व्होल्टपेक्षा कमी हवेत. आता व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून प्लेट फिरवावी. आकडा उडाला तर वायर सापडली. आकडा आधीपासूनच अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर मीटरचं निगेटिव्ह टोक बॅटरीवरून इंजिनवर, तिथून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर, मग प्लेटवर सरकवत न्यावं. ज्या टप्प्यावर आकडा एकदम खाली येतो, त्याच्या अलीकडचा सांधा खराब.

कंडेन्सर छोटा, पण त्याच्याशिवाय तटकन तुटणं शक्य नाही. पॉइंट उघडताना प्रवाहाला क्षणभर दुसरीकडे वळायला जागा तो देतो, म्हणून टिकल्यांमध्ये जाळ होत नाही. त्याची क्षमता साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड. तो आतून तुटला तर पॉइंट निळे-काळे जळतात, ठिणगी पिवळी होते. शॉर्ट झाला तर ठिणगीच नाही. मीटरवर थंड असताना तो चांगला दिसतो आणि गरम झाल्यावर गळतो, म्हणून मोजण्यापेक्षा बदलून पाहणं इथे जास्त खात्रीचं. जुन्याची वायर सोडवावी आणि चांगला कंडेन्सर बाहेरच, त्याची बॉडी अर्थला आणि वायर कॉइलच्या निगेटिव्हला, असा तात्पुरता जोडावा. पॉइंट मात्र जुने असले तरी स्वच्छ करून, नाहीतर निकाल चुकेल. भाग बदलून पाहण्याला मी एवढीच एक मुभा देतो.

कॉइलच्या दोन मोजण्या: जाड वेटोळं बॅलास्टशिवायच्या गाडीत ३ ओहमच्या आसपास, बॅलास्टवाल्यात १.५ च्या आसपास. बारीक वेटोळं मधल्या खोचणीपासून टर्मिनलपर्यंत सहा ते दहा-बारा हजार ओहम. तांब्याचा प्रतिकार तापल्यावर वाढतो. २० अंशांना ३ ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशांना ३.७ दाखवेल, त्यात काही बिघाड नाही. पण गरम झाल्यावर आकडा अनंतावर गेला तर आतली तार सुटते आहे. कॉइलचं डोकं, म्हणजे टर्मिनलमधलं बॅकेलाइट, पुसून बारकाईने पाहावं. तिथे केसासारखी काळी रेघ असेल तर उच्च दाबाची वीज तिथूनच निसटते आहे.

पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) गाडी निगेटिव्ह अर्थ केलेली असेल तर कॉइलच्या दोन वायरीही अदलाबदल करायला हव्यात. प्लगचा मधला तापलेला इलेक्ट्रोड ऋण असताना ठिणगीला कमी व्होल्टेज पुरतं; उलटं असेल तर गाडी चालते, पण दुबळ्या बॅटरीवर आणि चढावर दगा देते. कॉइलवर ‘सीबी’ (कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे पॉइंट) अशी खूण असेल तर ती कॉइल बहुधा पॉझिटिव्ह अर्थसाठी केलेली असते; निगेटिव्ह अर्थच्या गाडीत ते टोक स्विचकडे जातं.

उच्च दाबाच्या बाजूला ओल हा पहिला शत्रू. कॅप काढून आतून-बाहेरून पाहावी: काजळीच्या बारीक रेघा, तडे, मधला कार्बन ब्रश स्प्रिंगवर मोकळा हलतो का. रेघ घासून जात नाही, कॅप बदलावी. काळोखात इंजिन चालू ठेवून लीडवर आणि कॅपवर बारीक फवाऱ्याने पाणी उडवलं की गळती निळी लुकलुकताना दिसते. लीड ओढताना नेहमी टोकाच्या रबरी बुटाला धरावं. कार्बन गाभ्याची लीड वायरीला धरून ओढली की गाभा टोकाशी तुटतो. अशा लीडचा प्रतिकार मीटरला दहा ते वीस हजार ओहम असू शकतो. मोजताना लीड वाकवत, पिळत मोजावी, आकडा उडता कामा नये.

रोटर सहसा कोणाच्या संशयातही नसतो. त्याच्या पितळी पट्टीखालच्या रिव्हेटमधून वीज प्लॅस्टिक भेदून थेट शाफ्टला जाऊ शकते आणि डोळ्यांना काही दिसत नाही. रोटर जागेवर ठेवून कॅप काढावी, कॉइलची मधली लीड इन्सुलेटेड पक्कडीने पट्टीपासून पाचसहा मि.मी. वर धरावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावं. रोटरला अर्थ मिळायला नको, म्हणून ठिणगी उडायला नको. ती दणदणीत उडत असेल तर रोटर फुटका.

प्लग शेवटी पाहतो, तरी ते बोलके असतात. फिकट तपकिरी टोक म्हणजे सगळं ठीक. पेट्रोलने ओलं म्हणजे ठिणगी नाही. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण गडद किंवा ठिणगी दुबळी. वॉशरचा नवा प्लग बोटांनी बसेपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ, पॉइंटनंतरच लावायचं. ड्वेल एक अंशाने बदलला की डिस्ट्रिब्युटरवर टायमिंगही साधारण अर्ध्या अंशाने सरकतं, आणि डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे क्रँकवर ते साधारण एक अंश होतं. टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं: गाडी मंद, इंजिन गरम, सायलेन्सरमध्ये फटाके. याच्या उलट जास्त पुढे असेल तर चढावर खडखड आणि सेल्फला उलटा हिसका. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसते, तेव्हा तेवढ्यावर एकदा गॅप पुन्हा तपासावा.

गरम झाल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने सुरू होणारी गाडी सर्वांत चिवट. बंद पडल्याच्या क्षणी मोजलं नाही तर काही हाती लागत नाही. म्हणून टेस्ट लॅम्प आणि टेस्टर गाडीतच ठेवावेत आणि थंड होण्याआधी बॉनेट उघडावं. लॅम्प उघडझाप करतो आणि टेस्टरवर ठिणगी नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर. दोन्ही ठीक, तर पेट्रोल वाफ होऊन अडतं आहे. थांबलेल्या गाडीत वाट न पाहता घेतलेली ही दोन मिनिटांची नोंद वर्कशॉपमधल्या दिवसभराच्या शोधापेक्षा मोलाची आहे.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बसवण्याला माझा विरोध नाही. क्रायसलरने १९७३ पासून अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांत ते सरसकट दिलं, आणि झिजणारी टाच व जळणाऱ्या टिकल्या यांची कटकट त्याने खरोखर संपते. पण वर सांगितलेले सगळे सांधे तसेच राहतात, आणि मॉड्युल त्यांच्याबाबत पॉइंटपेक्षा नाजूक असतं. त्याला वीज बॅलास्टच्या आधीच्या टोकावरून, पूर्ण १२ व्होल्टची द्यावी. कॉइलचा प्रतिकार मॉड्युलच्या कागदावर सांगितलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी नको. प्लेटच्या अर्थची विणलेली वायर नवी घालावी. लीड प्रतिकाराच्या हव्यात, नुसत्या तांब्याच्या नव्हेत. नाहीतर विद्युत गोंगाटाने मॉड्युल गोंधळतं. मॉड्युल खाली धातूला चिकटून बसवायचं असेल तर मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावावी. आणि काढलेली पॉइंटची प्लेट, चांगला कंडेन्सर, गॅपची पाती व एक स्क्रूड्रायव्हर डिकीत पिशवीत घालून ठेवावेत. मॉड्युल गेलं की ते सूचना न देता जातं, आणि जुनी प्लेट परत बसवायला रस्त्याकडेला अर्धा तास पुरतो.